जक्कयाच्या घरी

श्रोतेहो, नमस्कार.

ख्रिस्ती उपवासकाळ सुरू आहे. राखेच्या बुधवारपासून पुनरुत्थानाच्या सणापर्यंत, मधले रविवार सोडले तर 40 दिवस. या दिवसांत पश्चात्तापाबद्दल पुष्कळ ऐकायला मिळतं आणि ऐकता ऐकता मनात एक क्रम पक्का होतो: आधी आपण सुधारायचं, मग देव दया करणार. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात, 19व्या अध्यायातल्या जक्कयाच्या गोष्टीत मात्र हा क्रम उलटा आहे.

यरीहो हे समुद्रसपाटीच्याही खाली, सुमारे 250 मीटर खोल वसलेलं गाव. यार्देन नदीपलीकडून यरुशलेमला जाणारी वाट इथूनच वर चढते. अशा वाटेवर जकात वसूल करणाऱ्याची चंगळ असणारच. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानानं जकातदारांना ‘ठरल्याहून जास्त घेऊ नका’ असं बजावलं होतं, त्यावरून काय चालत असेल ते कळतं. जक्कय तर मुख्य जकातदार. रोमी सत्तेचा माणूस, श्रीमंत, आणि गावाच्या नजरेतून साफ उतरलेला.

येशू गावातून चालला होता. जक्कय ठेंगणा, गर्दीत त्याला काही दिसेना आणि वाट तरी कोण देणार? तो पुढं धावला आणि उंबराच्या झाडावर चढला. ज्यांचे पैसे त्यानं उकळले होते, त्यांच्याच डोळ्यांदेखत हा बडा माणूस फांदीवर बसला. येशूला पाहायची त्याची ओढ केवढी असेल!

येशू त्या झाडाखाली थांबला. वर पाहून त्यानं नावानं हाक मारली, “जक्कया, त्वरा करून खाली ये, आज मला तुझ्या घरी उतरायचं आहे.”

इथं जरा थांबू या. जक्कयानं अजून पापाची कबुली दिलेली नाही, क्षमेचा एक शब्दही तोंडातून काढलेला नाही. येशूनंही अट घातलेली नाही. लोक कुरकुरले, ‘हा पापी माणसाकडे पाहुणा म्हणून गेला.’ त्यांना आपण दोष देतो, पण त्यांची तक्रार मला खोटी वाटत नाही. पैसे त्यांचे गेले होते.

त्या तक्रारीला उत्तर दिलं जक्कयानं. तो उभा राहून म्हणाला, “प्रभू, माझं अर्धं द्रव्य मी गरिबांना देतो, आणि कोणाचं काही अन्यायानं घेतलं असेल तर चौपट परत करतो.” मोशेच्या, म्हणजे यहुदी लोकांच्या, नियमशास्त्राप्रमाणे स्वतःहून कबुली देणाऱ्यानं मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा द्यायचा असे. चौपट भरपाई होती ती मेंढरू चोरून कापणाऱ्याला किंवा विकणाऱ्याला. म्हणजे जक्कयानं स्वतःला चोराची शिक्षा लावून घेतली, कोणी मागितली नसताना. दया आधी घरात आली, म्हणून त्याची मूठ सुटली.

हे मी कळकळीनं सांगतो, कारण आपण देवापुढं रडतो, गुडघे टेकतो, आणि भावाच्या हिश्श्याची जमीन मात्र सातबाऱ्यावर आपल्याच नावानं ठेवतो. जक्कय रडला की नाही, हे लूक सांगत नाही. तो काय परत करणार होता, ते सांगतो.

पण ऐकणाऱ्यांत असेही कोणी असतील, ज्यांना परत करायला वाटच उरली नाही. ज्याला फसवलं तो माणूस हयात नाही. जिची क्षमा मागायची होती ती आई गेली. तुमच्यासाठी हेच शुभवर्तमान पुढं 23व्या अध्यायात वाचा. यरीहोहून येशू यरुशलेमला गेला आणि तिथं त्याच्या शेजारी एक अपराधी वधस्तंभावर टांगलेला होता. त्याला चौपट सोडा, एक नाणंही कोणाला परत करता येणार नव्हतं. तो एवढंच म्हणाला, “येशू, तू आपल्या राज्यात येशील तेव्हा माझी आठवण कर.” येशूनं त्याला उद्याचा वायदा केला नाही. “आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील,” असं तो म्हणाला.