बुवांनंतर मौलाना

(दृश्य : मकबऱ्याच्या दगडी जाळ्या, आतून बाहेर)

ग्वाल्हेर, हजिरा. शेख मुहम्मद गौस इथं विसावलेत, शत्तारी पंथाचे सूफी. ते १५६३ च्या सुमारास गेले आणि अकबराच्या काळात हा मकबरा उभा राहिला. या जाळ्या सावकाश बघा. एकीची नक्षी दुसरीला लागत नाही.

(तानसेनाची कबर, सनई, मांडव)

शेजारी तानसेन. १९२४ पासून चालत आलेला तानसेन संगीत समारोह डिसेंबरात याच कबरीपाशी सुरू होतो. आधी सनई, मग ढोलीबुवांची हरिकथा, मग मिलाद, म्हणजे पैगंबरांचं चरित्रगान. बुवांसाठी आलेली, शहराच्या लष्कर भागातली मराठी मंडळी मिलादलाही बसून राहतात. मिलाद सांगणाऱ्यांना सगळे म्हणतात, मौलाना.

(मौलाना, जवळून)

मौला म्हणजे धनी. मौलाना, आमचे धनी. तुर्कस्तानात जलालुद्दीन रूमी ‘मेव्लाना’ झाले, आपल्याकडे आझाद आणि हसरत मोहानी मौलाना झाले. मदरशात दर्स-ए-निजामी, म्हणजे तिथला ठरलेला अभ्यासक्रम, पुरा करणाऱ्याला सहसा असं म्हणतात, पण नेमणूक करणारं पीठ कुठलंच नाही. बुवांना तरी कोण नेमतं? कथा रंगते, लोक पाया पडू लागतात, झाले बुवा.

(नमाजाच्या रांगा)

बाकीची नावं कामाची आहेत. नमाज पढवतो तो इमाम, बांग देतो तो मुअज्जिन. कुराण मुखोद्गत असलेला हाफिज. तो मौलाना असेलच असं नाही. काझी एकेकाळी निवाडे करायचा, आता बहुतेकांना निकाहातच भेटतो. मुफ्ती धर्मप्रश्नावर मत देतो. त्या मताचं नाव फतवा. आपली वर्तमानपत्रं पक्षाच्या आदेशालाही ‘फतवा’ म्हणतात, ते वेगळंच.

(पुन्हा मांडव)

मौलातूनच मुल्ला आला, आणि आपल्या गावगाड्यात बकरं हलाल करणारा मुलाणीही त्याच गोतातला. दर्स-ए-निजामी ज्यांनी घालून दिला ते लखनौच्या फिरंगी महलचे निजामुद्दीन स्वतः ‘मुल्ला’ म्हणवले जात, मानानं. आता हा शब्द शिवीसारखा फेकतात.

(चादर चढते)

तर मिलादला आलात आणि बोलायची वेळ आली, तर ‘मौलाना साहेब’ म्हणा. समोरचा नुसता हाफिज असेल, तर तोच हसून दुरुस्त करील.