हूटर वाजण्याच्या पलीकडे

(दृश्य : जळगावचा सराफ बाजार, दुकानं वाढवायची वेळ.)

आतल्या अलार्मच्या कीपॅडवर आकडे दाबले, की बीप बीप सुरू होतं. ते थांबायच्या आत बाहेर पडायचं, शटर ओढायचं, कुलूप लावायचं आणि दोनदा हिसडून बघायचं. सोन्यासाठी नावाजलेल्या जळगावात हे रोज रात्री चालतं. इथला सराफ कुलपाबाबत हयगय करत नाही.

वर भिंतीवर हूटर दिसतो. बहुतेकांच्या लेखी अलार्म म्हणजे तोच. पण रात्री अडीचला हूटर वाजला, तर किती जण अंथरुणातून उठतात? आणि चोर सराईत असेल तर तो पहिला हात हूटरच्या वायरलाच घालतो. दुकान राखतो तो निरोप, आतल्या पॅनलकडून, म्हणजे अलार्मच्या मुख्य पेटीकडून, दूरच्या मॉनिटरिंग सेंटरला जाणारा. तिथं चोवीस तास माणूस बसलेला असतो. स्क्रीनवर निरोप उमटला, की तो शेठना फोन लावतो, आणि गरज पडली तर पोलिसांना कळवतो.

(दृश्य : जुना लँडलाइन फोन, बटणांचे सूर.)

पूर्वी हा निरोप लँडलाइनवरून जायचा. पॅनल नंबर फिरवायचं आणि फोनच्या बटणांच्याच सुरांत आकडे वाजवायचं. काँटॅक्ट आयडी नावाची ही पद्धत आजही चालते. 130 म्हणजे घरफोडी, 110 म्हणजे आग, 301 म्हणजे वीज गेली. या तीन आकड्यांच्या आधी आणखी एक वेगळा आकडा : 1 असेल तर घटना नवी, 3 असेल तर स्थिती पूर्ववत. सोबत दुकानाचा खातेक्रमांक आणि सेन्सरचा क्रमांक. एवढ्या मोजक्या आकड्यांत पलीकडच्या माणसाला कळायचं, की मागचं दार हललंय की तिजोरीची खोली.

मग फायबर आलं. इंटरनेटवरून चालणारा फोन आवाज दाबून, तुकडे करून पाठवतो. आपल्या बोलण्याचं त्यात काही बिघडत नाही, पॅनलचे सूर मात्र बिघडू शकतात. म्हणून सूर गाळले आणि निरोप थेट इंटरनेटवरून निघाला. त्यासाठी अमेरिकेतल्या सिक्युरिटी इंडस्ट्री असोसिएशनचं डीसी-09 हे मानक 2007 साली आलं. आकडे जुनेच राहिले. पण आता प्रत्येक निरोपाला अनुक्रमांक असतो, आणि सेंटरकडून पोच मिळाली नाही तर पॅनल तोच निरोप पुन्हा पाठवतं. निरोप कूटबद्ध असेल तर त्यावर वेळही लागते. कोणी कालचा ‘सगळं ठीक’ निरोप टिपून ठेवला आणि आज रात्री परत सोडला, तर शिळी वेळ बघून सेंटरचा रिसीव्हर तो नाकारतो.

(दृश्य : कापलेली केबल, जवळून.)

आता या विषयातला सगळ्यात मोठा प्रश्न. चोरानं आत शिरण्याआधी केबलच कापली तर?

मग निरोप निघणारच नाही. सेंटरवर शांतता. आणि सगळं ठीक असतानाही शांतताच असते. या दोन शांततांमधला फरक ज्या यंत्रणेला कळत नाही, तिच्या भरवशावर दुकान सोडू नये, असं माझं ठाम मत आहे.

हा फरक कळावा म्हणून पॅनल ठरावीक वेळानं एक रिकामा निरोप पाठवत राहतं. डीसी-09 मध्ये त्याचं नाव ‘नल’, कामावरची मंडळी त्याला हार्टबीट म्हणतात. त्यात घटना नसते, मजकूर नसतो. तो वेळेवर आला नाही, की सेंटरवर दिवा लागतो. युरोपच्या ईएन 50136 मानकात एकेरी मार्गाच्या, म्हणजे निरोपाला एकच वाट असलेल्या यंत्रणेच्या, सगळ्यात खालच्या श्रेणीत मार्ग तुटल्याचं 32 दिवसांत कळलं तरी चालतं. सगळ्यात वरच्या श्रेणीत 20 सेकंदांत कळावं लागतं. 32 दिवस आणि 20 सेकंद! आणि भिंतीवरची पेटी बाहेरून सारखीच दिसू शकते. विकणारा कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल हौसेनं सांगतो. हार्टबीट किती वेळानं, हे आपणच विचारायचं.

(दृश्य : उघडं पॅनल. बॅटरी, वायरी, धूळ.)

ही पॅनलमधली 12 व्होल्टची बॅटरी. लाइट गेली तरी पॅनल जागं राहतं. पण राउटर बघा, गल्ल्यामागच्या साध्या सॉकेटवर. लाइट गेली की तो बंद, आणि पॅनल जागं असून मुकं. राउटर इन्व्हर्टरवर घ्यायला फार खर्च येत नाही, तरी ते राहून जातं.

बॅटरीचंही बघायला हवं. जळगाव-भुसावळचा पारा उन्हाळ्यात 45 च्या वर जातो, आणि पत्र्याखालच्या माळ्यावर त्याहून जास्त. तापमान दर 10 अंशांनी वाढलं, की अशा बॅटरीचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं. त्यात रस्ता खोदताना जेसीबीनं फायबर तोडलं, की तो मार्ग गेलाच. म्हणून दुसरा मार्ग सिमचा. त्याचा रिचार्ज संपला नाही ना, हेही कोणीतरी बघायचं असतं.

यात चोरच हवा असं नाही. सावदा-रावेरकडे केळी पिकवण्याच्या खोल्या साधारण 16 ते 18 अंशांवर ठेवतात. रात्री कूलिंग बंद पडलं आणि कोणाला कळलं नाही, तर माल बिघडतो. त्या निरोपाचा आकडा 158, तापमान चढलं.

(दृश्य : धुळ्यातलं एक दुकान. टेक्निशियन राउटरमागची केबल काढतो, मोबाइलवर स्टॉपवॉच सुरू करतो. थोड्या वेळानं शेठचा फोन वाजतो.)

“शेठ, सेंटरवरून बोलतोय. तुमची इंटरनेटची लाइन बंद दाखवतेय, निरोप सिमवरून येताहेत. दुकानात कोणी आहे का?”

“आहे भाऊ, मीच आहे. केबल आम्हीच काढलीये.”

“पासवर्ड सांगा, शेठ.”

शेठ पासवर्ड सांगतात. टेक्निशियन स्टॉपवॉचवरची वेळ तारखेसह पॅनलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करनं लिहितो. आता केबल परत लावायची, आणि सिम काढायचं.