चावी आणि पट्टी

(सांगलीत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय, ‘ऑनलाइन दुकानांच्या थीम बनवणाऱ्या फ्रीलान्सरांसाठी करारातली पाच कलमं’. पाचही सांगणार आहे. पण आधी मार्केट यार्डात एक चक्कर मारून येऊ. करार म्हटलं की आपल्या पोरांना वाटतं, हे पुण्या-मुंबईच्या कंपन्यांचं काम, आपल्याकडं सगळं शब्दावर चालतं. मी यार्डात वाढलोय. तिथं निव्वळ शब्दावर एक पोतं हललेलं मी पाहिलं नाही.

माझे वडील हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होते. त्यांच्या काळात सौदा रुमालाखाली व्हायचा, बोटं दाबून. इथं पुढच्या रांगेत बसलेल्या काही जणांनी तो केलाही असेल. भाव शेजारच्यालाही कळायचा नाही. पण भाव ठरला की लगेच पट्टी. शेतकऱ्याचं नाव, पोती किती, वजन किती, दर काय, हमाली-तोलाई किती कापली. खाली कार्बन घातलेला, एक प्रत दुकानात आणि एक शेतकऱ्याच्या खिशात. वडिलांच्या करंगळीच्या कडेला निळा डाग कायमचा. आई ताट वाढताना रोज म्हणायची, “अहो, हात धुवा,” आणि ते रोज म्हणायचे, “धुतलेत की.” रुमालाखाली गुपित ठेवणारी माणसं, पण कागद केल्याशिवाय उठायची नाहीत. विश्वास नव्हता म्हणून कागद करायचे, असं नव्हे. पुढच्या हंगामात पुन्हा त्याच माणसाशी गाठ पडायची, म्हणून करायचे.

मी त्यांचाच मुलगा, आणि 2019 साली मी पट्टी न करता माल दिला.

गणपती जवळ आले होते. जिल्ह्याबाहेरच्या एका कापड व्यापाऱ्याचा फोन आला, “दादा, दिवाळीला साड्या ऑनलाइन पायजेत.” नाव सांगत नाही, त्याचं आज दुकान चालू आहे. शॉपिफायवर, म्हणजे ऑनलाइन दुकान चालवायची सोय देणाऱ्या कंपनीच्या साइटवर काम करायचं, साठ हजार ठरले, पंधरा आगाऊ आले. कामाचं वर्णन व्हॉट्सॲपवर एका ओळीत: ‘चांगली, फास्ट, प्रोफेशनल वेबसाइट’. तो मेसेज मी अजून जपून ठेवलाय.

थीम म्हणजे काय, हे इथल्या वडीलधाऱ्यांसाठी सांगतो. ऑनलाइन दुकानात हिशेब, स्टॉक, पैसे घेणं हे सगळं शॉपिफायचं. गिऱ्हाइकाला दिसतं ते दुकान, म्हणजे फळ्या, आरसे, दिवे, गल्ला कुठं, हे आम्ही लिक्विड नावाच्या भाषेत लिहितो. साडीच्या दुकानाची अडचण वेगळी असते. बाई काठ बघितल्याशिवाय साडी घेत नाही. जरीचा धागा दिसला पाहिजे, आणि खेड्यातल्या नेटवर पान अडकता कामा नये. व्यापाऱ्यानं पाठवलेला एकेक फोटो सहा-सहा एमबीचा. मी तीन रात्री बसून असं केलं, की आधी हलका फोटो उघडेल आणि काठावर बोट ठेवलं की तेवढ्याच भागाचा मोठा फोटो खाली उतरेल. तपासायला आईची इरकल काढली, खिडकीत धरून फोटो घेतले. कोडमध्ये शेरा लिहून ठेवला, ‘आईच्या इरकलीवर तपासलं’. प्रोग्रामर असे शेरे लिहितात, मशीन ते वाचत नाही, पुढचा माणूस वाचतो.

मग बदल सुरू झाले. “फक्त एक छोटंसं,” अशी सुरुवात आणि दीड मिनिटाचा व्हॉइस मेसेज. पुढं वकिलांसाठी मोजले तेव्हा एक्केचाळीस भरले. दिवाळी आठ दिवसांवर आल्यावर रात्री साडेअकराला त्याचा फोन, “दुकान आमच्या नावावर करा, उद्या पैसे सोडतो.” मी केलं. सकाळी लॉगिन केलं तर माझा प्रवेश काढून टाकलेला. दुकान सुरू होतं, साड्या विकल्या जात होत्या. पंचेचाळीस हजार मागितले तर उत्तर आलं, “काम समाधानकारक नाही.”

फेब्रुवारीत एका मित्रानं लिंक पाठवली. व्यापाऱ्याच्या मेहुण्याचं दुकान, वेगळ्या नावाचं. काठावर बोट ठेवलं आणि तसाच झूम झाला. पानाचा सोर्स उघडला तर आत मराठीत, ‘आईच्या इरकलीवर तपासलं’. त्या दिवशी मला पैशांपेक्षा त्या ओळीचं जास्त लागलं.

वकिलांकडं गेलो. पहिला प्रश्न, “कागद कुठाय?” व्हॉट्सॲप दाखवलं. ते म्हणाले, 1872 च्या करार कायद्यात तोंडी करारही करारच असतो, मेसेज पुरावाही होतात, पण ठरलं काय होतं? ‘चांगली’ म्हणजे किती चांगली, हे न्यायाधीशांनी कशावरून ठरवायचं? मी गप्प. मग त्यांनी विचारलं, “कोड कुणाचा?” मी म्हटलं, “त्यांचाच ना, त्यांच्यासाठी केलाय.” ते हसले.

आता हे नीट ऐका, याच्यासाठीच मी आज आलोय. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्राम हा साहित्यकृतीत मोडतो. कलम 17 प्रमाणे पहिला मालक लिहिणारा. पगारी नोकरानं नोकरीत लिहिलं तर, वेगळं काही ठरलेलं नसेल तर, मालकी नोकरी देणाऱ्याची. फ्रीलान्सर नोकर नाही. आणि कलम 19 म्हणतं, ही मालकी दुसऱ्याकडं जायची तर लेखी पाहिजे, देणाऱ्याची सही पाहिजे. म्हणजे त्या रात्री मी दुकानाची चावी दिली, पण माझ्या कोडची मालकी माझ्याकडंच होती. हे मला माहीत नव्हतं आणि त्यालाही नव्हतं. मेहुण्याला नोटीस गेल्यावर ती थीम उतरली. पंचेचाळीस हजार मात्र आले नाहीत.

आयोजकांची चिठ्ठी आलीय, दहा मिनिटं उरलीत. तर कलमं भराभर घेतो.

पहिलं, काम म्हणजे काय. पानं मोजून लिहा: मुख्य पान, वस्तूचं पान, यादी, कार्ट. बदलाच्या फेऱ्या दोन, तिसरीपासून तासाचा दर. फोटो आणि वस्तूंची माहिती कोण भरणार, कोणत्या तारखेपर्यंत देणार, तेही. उशीर बहुतेक वेळा तिथंच होतो आणि बोल आपल्याला लागतो.

दुसरं, पैशांचे टप्पे आणि चावी. माझा नियम चाळीस टक्के आगाऊ, तीस टक्के डिझाइन पसंत झाल्यावर, तीस टक्के हस्तांतराच्या आधी. डेव्हलपमेंट स्टोअर, म्हणजे अजून बांधकाम चालू असलेलं दुकान, तोवर आपल्या खात्यात. शेवटची रक्कम जमा, मग हस्तांतर. सणाच्या तोंडावर तर नक्कीच, कारण तेव्हाच सगळ्यांना घाई असते.

तिसरं, मालकी. ‘पूर्ण रक्कम मिळाल्यावर या थीमचे हक्क ग्राहकाकडे जातील’, हे वाक्य. फक्त एका दुकानापुरता वापर द्यायचा असेल तर तसं लिहा. हक्क देताना मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरतंच धरतो. ग्राहकाचा वकील हे बघणारच, आपणही बघावं. आपली जुनी झूमसारखी हत्यारं आपल्याकडं राहतील, तेही लिहा. विकतची थीम वापरत असाल तर परवाना ग्राहकाच्या दुकानाच्या नावावर घ्या. वर्डप्रेसवर वूकॉमर्स घालून दुकानं करणाऱ्यांनो, तुमची गोष्ट थोडी वेगळी, वर्डप्रेसचा जीपीएल नावाचा खुला परवाना मध्ये येतो, ते नंतर भेटून बोलू.

चौथं, स्वीकार. ‘समाधानकारक नाही’ याला उत्तर इथं आहे. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंद, करा, ऑनलाइन होते, फुकट होते, आणि काम हातात घेण्याआधी करा. 2006 च्या एमएसएमई, म्हणजे छोट्या-मध्यम उद्योगांच्या कायद्यात माल किंवा सेवा दिल्यापासून पंधरा दिवसांत लेखी तक्रार आली नाही तर स्वीकारलं असं धरतात. लेखी मुदत कितीही ठरवली तरी पैसे पंचेचाळीस दिवसांच्या आत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, दर महिन्याला चक्रवाढ. हीच पंधरा दिवसांची ओळ तुमच्या करारातही घाला. दुरुस्ती तीस दिवस फुकट, पण आपल्या चुकीची. ग्राहकानं एखादं ॲप घालून पान मोडलं तर ते वेगळं बिल.

पाचवं, वाद कुठं. ‘सांगली येथील न्यायालय’ असं लिहा, ग्राहक सुरतचा असला तरी. काम इथं झालं, पैसे इथं यायचे, त्यामुळं ते बसतं. नाहीतर पंचेचाळीस हजारांसाठी रेल्वेचं तिकीट कुणी काढत नाही, आणि समोरच्याला ते माहीत असतं.

वेळ संपली. कराराचा दोन पानी नमुना मराठीत करून आणलाय, मागच्या टेबलावर ठेवलाय. आज ज्यांचं काम अर्धं झालंय आणि कागद नाही, त्यांनी घरी जाऊन आधी ग्राहकाला एक ईमेल पाठवा, ‘आपलं ठरलंय ते असं’, आणि खाली पानं, रक्कम, तारखा लिहा. त्याचं ‘ओके’ आल्याशिवाय पुढची फाइल उघडू नका.