बादलीचा पोचा

श्रोतेहो, नमस्कार.

आज मी तुमच्याशी शाळेतल्या चित्रकलेच्या तासाबद्दल बोलणार आहे. मी चित्रकार नाही. शाळा सुटून दोन वर्षं झाली, सध्या विज्ञान शिकते. पण प्रयोगशाळेत मला रोज जे उपयोगी पडतं, त्यातलं बरंच मी चित्रकलेच्या तासाला शिकले. आणि त्यातलंही बरंच एका बादलीसमोर बसून. म्हणून आधी त्या बादलीची गोष्ट सांगते.

आम्ही आठवीत होतो. चित्रकलेच्या बाई वर्गात आल्या त्या हातात पत्र्याची बादली घेऊन. शाळेचीच जुनी बादली. खिडकीजवळ एक स्टूल ठेवलं, त्यावर बादली ठेवली आणि म्हणाल्या, "काढा."

आम्ही तीसजण होतो. बादली कुणाला माहीत नसते? अर्ध्या तासात सगळ्यांची चित्रं तयार. वर लंबगोल, दोन बाजूंना आत उतरत गेलेल्या दोन तिरक्या रेषा, खाली तळाला एक सरळ रेघ आणि वर कमानीसारखी कडी. मी तर पट्टीनं रेघा मारल्या होत्या. माझी बादली अगदी नव्या कोऱ्यासारखी दिसत होती आणि मला ती फार आवडली होती.

बाईंनी तीसही कागद गोळा केले आणि फळ्याखाली जमिनीवर ओळीनं मांडले. मग बराच वेळ काही बोलल्या नाहीत. शेवटी विचारलं, "यातली स्टुलावरची बादली कुठली?"

आम्ही बघत राहिलो. कुठलीच नव्हती. स्टुलावरच्या बादलीला आमच्या बाजूनं, बरोबर मध्यावर, तळहाताएवढा पोचा होता. तीस कागदांपैकी एकाही कागदावर तो नव्हता. दिसला नव्हता असं नाही. मला दिसला होता. पण चित्रात चांगली बादली काढायची म्हणून मी तो सोडून दिला होता.

बाई म्हणाल्या, "तुम्हाला बादली माहीत आहे, म्हणून तुम्ही या बादलीकडे बघितलंच नाही. आता हिच्याकडे बघा."

दुसऱ्या तासाला बाईंनी सगळ्यांचे खोडरबर काढून घेतले. चुकलेली रेघ तशीच ठेवायची आणि शेजारी बरोबर रेघ काढायची. चुकलेली तशीच ठेवायची, शेजारी बरोबर काढायची. माझ्या त्या कागदावर बादलीला तीन काठ आहेत. पहिला फार पसरट, दुसरा फार अरुंद, तिसरा जवळपास बरोबर. तो कागद माझ्याकडे अजून आहे. (खोडरबराबद्दल माझं मत पक्कं आहे. चित्र शिकायला लागलेल्या मुलाच्या हातात पहिलं वर्षभर तो देऊच नये. पुसलं की आपण कुठे चुकलो तेही पुसलं जातं, आणि पुढच्या वेळी नेमकी तीच चूक होते.)

आता पोचा. मी पोचा काढला, म्हणजे बादलीच्या मधोमध एक गोल काढून तो पेन्सिलीनं काळा केला. बाई मागे येऊन उभ्या राहिल्या.

"हे काय आहे?"

"पोचा आहे, बाई."

"हा तर डाग दिसतोय. उजेड कुठून येतोय?"

"डावीकडून. खिडकीतून."

"मग बादलीची कुठली बाजू उजळ आहे?"

"डावी."

"आणि पोच्याची?"

मी बघितलं. आणि श्रोतेहो, तो क्षण मला आजही जसाच्या तसा आठवतो. पोच्याची डावी बाजू काळोखी होती आणि उजवी चमकत होती. अख्ख्या बादलीच्या अगदी उलट. मी मान पुढे करून बघितलं, मागे नेऊन बघितलं. तसंच. खोलगट जागेत उजेडाकडची कड सावलीत जाते आणि पलीकडची भिंत उजेड झेलते. फुगवट्यावर याच्या उलट होतं. आयुष्यभर वाट्या, खळगे, पोचे बघत आले होते, पण हे कधी बघितलं नव्हतं.

मी त्या गोलाची डावी कड गडद केली, उजवीकडे कागद कोरा सोडला आणि मधे हलकेच छटा उतरवत नेली. बघता बघता कागद आत गेला. सपाट कागदाला खरोखर पोचा पडला. मी बोट फिरवून बघितलं, कागद सपाटच होता. बाई काही बोलल्या नाहीत, माझ्या खांद्यावर थोपटून पुढच्या बाकाकडे गेल्या.

ही झाली बादलीची गोष्ट. पुढे चार आठवडे आम्ही तीच बादली काढत होतो. तळाची सरळ रेघ गेली आणि तिथे वाक आला, कारण वरून बघताना काठाच्या लंबगोलापेक्षा तळाचा लंबगोल जास्त उघडा दिसतो. पेन्सिलीनं माप घ्यायला शिकलो: हात सरळ, कोपर ताठ, एक डोळा मिटलेला. पेन्सिलीचं टोक काठाशी आणि अंगठ्याचं नख तळाशी, ही झाली बादलीची उंची. आता तीच पेन्सिल आडवी धरून रुंदी बघायची. कोपर ताठच हवं, कारण ते वाकलं की डोळ्याचं आणि पेन्सिलीचं अंतर बदलतं आणि माप खोटं पडतं. म्हणून पुन्हा सांगते: हात सरळ, कोपर ताठ, एक डोळा मिटलेला.

पेन्सिलीचा विषय निघालाच आहे तर सांगते. आपण शिसपेन्सिल म्हणतो, पण तिच्यात शिसं अजिबात नसतं. असतं ग्रॅफाइट आणि चिकणमाती. ग्रॅफाइटच्या भुकटीत माती कालवून कांडी भाजायची ही रीत फ्रान्समध्ये निकोलस-जॅक काँते यांनी १७९५ मध्ये काढली. माती जास्त तर पेन्सिल कठीण आणि फिकी, ग्रॅफाइट जास्त तर मऊ आणि काळी. पोच्याची डावी कड एचबीनं कितीही गिरवली तरी हवी तेवढी काळी होत नाही, तिथे सहा बी लागते. आणि पेन्सिलीला टोक ब्लेडनं, मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली, लांब काढावं. शार्पनरच्या आखूड टोकानं रेघ निघते, पण आडवी धरून छटा भरता येत नाही.

आता विज्ञानाकडे वळते. सन १६०९. इंग्लंडमध्ये थॉमस हॅरियट यांनी दुर्बिणीतून चंद्र बघितला आणि त्याचं चित्र काढलं. त्यानंतर काही महिन्यांनी इटलीत गॅलिलिओंनी तोच चंद्र बघितला. हॅरियट मोठे गणिती होते, पण त्यांच्या त्या पहिल्या चित्रात उजेड आणि अंधार यांच्यामधली एक वेडीवाकडी रेघ आणि काही डाग, एवढंच आहे. गॅलिलिओंना चित्रकलेतली छायाप्रकाशाची जाण होती. चंद्रावरच्या लहान डागांची सूर्याकडची बाजू काळी आहे आणि पलीकडची उजळ, हे त्यांनी टिपलं. म्हणजे तिथे खळगे आहेत. अंधाऱ्या भागात सुटे चमकणारे ठिपके दिसतात, म्हणजे ती उन्हात आलेली शिखरं आहेत. चंद्र गुळगुळीत गोळा आहे ही जुनी समजूत तिथे मोडली. हे त्यांनी १६१० मध्ये छापून प्रसिद्ध केलं, आणि १६१३ मध्ये फ्लॉरेन्सच्या चित्रकारांच्या अकादमीनं त्यांना सभासद करून घेतलं.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाचता वाचता थांबले. सूर्याकडची बाजू काळी, पलीकडची उजळ. अहो, हा तर आमच्या बादलीचा पोचा!

प्रयोगशाळेत आम्हाला पानाची साल सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून पर्णरंध्रांची, म्हणजे सालीवरच्या बारीक छिद्रांची, आकृती काढायची असते. पुस्तकातल्या आकृतीत छिद्राच्या दोन बाजूंच्या रक्षक पेशी अगदी सारख्या आणि मधे सुबक फट. भिंगाखाली एक रंध्र तिरकं असतं, एक अर्धवट मिटलेलं, आणि एकाच्या कडेवर हवेचा बुडबुडा बसलेला. माझ्या वर्गातली बरीच मुलं मान भिंगाकडे आणि मन पुस्तकाकडे ठेवून आकृती काढतात. मी तिरकं दिसलं तर तिरकं काढते, मिटलेलं दिसलं तर मिटलेलं. त्यात माझी हुशारी नाही, बाईंनी लावलेली सवय आहे.

म्हणूनच एक गोष्ट मला मनापासून सलते. परीक्षा जवळ आली की आमच्या शाळेत सगळ्यात आधी चित्रकलेचा तास जायचा. त्या तासाला गणित व्हायचं. मला गणित आवडतं, तरीही सांगते, तो तास घ्यायला नको होता. बादलीसमोर चाळीस मिनिटं गप्प बसून बघणं हा अभ्यासच आहे, आणि दुसऱ्या कुठल्याही तासाला तो होत नाही.

वेळ संपत आली आहे. तुमच्या घरात बादली असेलच. ती जमिनीवर ठेवा आणि उभं राहून तिचा काठ बघा. मग हळूहळू खाली बसा, नजर काठावरच ठेवून. काठाचा लंबगोल मिटत मिटत जाईल, आणि डोळे काठाच्या पातळीला आले की त्याची एक सरळ रेघ होईल. तिथेच थांबा. मग पेन्सिल घ्या. हात सरळ, कोपर ताठ, एक डोळा मिटलेला.

नमस्कार.