नोझलचा खण

[दृश्य : स्वयंपाकघराच्या ओट्यावर अंथरलेले पांढरे सुती कापड. त्यावर धुतलेल्या नोझलच्या रांगा. कॅमेरा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकतो.]

या कापडावर उभ्या असलेल्या धातूच्या छोट्या शंकूंना घरी केक करणारी मंडळी नोझल म्हणतात. पायपिंग बॅगेच्या टोकाला नोझल बसवून बॅग दाबली, की आतले क्रीम त्याच्या तोंडाचा आकार घेऊन बाहेर पडते. तोंड गोल असेल तर रेघ आणि ठिपके उमटतात, दातेरी असेल तर तारे आणि शिंपले, आणि एका टोकाला रुंद व दुसऱ्या टोकाला निमुळती अशी फट असेल तर गुलाबाची पाकळी. केकवर दिसणारी बहुतेक कारागिरी या एवढ्याशा तोंडातून गेलेली असते. ते तोंड घडवलेल्या आकारात टिकवणे आणि ऐन कामाच्या वेळी हवे ते नोझल हाताशी असणे, या दोन गोष्टींसाठी घरात काय करावे लागते, ते आपण वसईतल्या एका स्वयंपाकघरात पाहणार आहोत.

या घरात केकचे काम दोन पिढ्यांचे आहे. सासूबाईंनी लग्नाचे केक केले; ते रॉयल आयसिंगचे, म्हणजे अंड्याचा पांढरा बलक आणि बारीक दळलेली साखर यांच्या लेपाचे, वाळल्यावर टणक होणारे. सून वाढदिवसाचे केक करते आणि ते मुख्यतः व्हिप्ड क्रीमचे असतात. दोघींची हत्यारे आज एकाच खणात आहेत, पण ती एकमेकांत मिसळलेली नाहीत, आणि त्यामागे कारण आहे.

[दृश्य : सासूबाईंच्या तळहातावर दोन नोझल. एक करडे, शिवणीपाशी तपकिरी डाग पडलेले, दुसरे चकचकीत.]

डावीकडचे नोझल कथील चढवलेल्या लोखंडी पत्र्याचे आहे. पत्रा कापून, गुंडाळून, कड एकमेकांवर आणून ते बनवले जाते, म्हणून त्याच्या अंगावर उभी शिवण दिसते. कथलाचा थर शाबूत आहे तोवर आतले लोखंड सुरक्षित असते. पण थराला एक जरी ओरखडा गेला, तरी उघड्या पडलेल्या जागी लोखंड अधिकच वेगाने गंजते, कारण या जोडीत गंजण्याची पाळी कथलाआधी लोखंडावर येते. गंज बहुधा शिवणीपासून सुरू होतो, कारण पाणी तिथे अडून राहते. वसईची हवा समुद्राची आहे, आणि जून ते सप्टेंबर या काळात ओट्यावर ठेवलेले मीठसुद्धा ओलसर होते. अशा हवेत हे नोझल इतकी वर्षे टिकले, याचे श्रेय सासूबाईंच्या एका सवयीला आहे. धुतलेली वस्तू पूर्ण कोरडी झाल्याशिवाय डब्यात जाणार नाही, हा नियम त्यांनी कधी मोडला नाही.

उजवीकडचे नोझल स्टेनलेस स्टीलचे आहे आणि त्याला शिवण नाही. आज नवीन घ्यायचे असेल तर हेच घ्यावे, असे आम्ही स्पष्टपणे सांगू. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या, म्हणजे महात्मा जोतिबा फुले मंडईच्या परिसरात बेकिंगच्या सामानाची दुकाने आहेत, आणि तिथे दोन्ही प्रकार मिळतात. हातात घेऊन शिवणीवरून बोट फिरवले, की फरक लगेच कळतो.

[दृश्य : वाडग्यात कोमट पाणी. त्यात बुडालेली नोझल. पाण्यावर हळूहळू गुलाबी रंग चढतो.]

साठवणीची सुरुवात डब्यापासून होत नाही, ती या वाडग्यापासून होते. केक पूर्ण झाला की बॅगेतले उरलेले क्रीम काढून घेऊन नोझल लगेच पाण्यात टाकले जाते. व्हिप्ड क्रीममध्ये स्निग्ध पदार्थ असतो. त्याचा पातळ थर थंड पाण्याने निघत नाही, म्हणून तिथे गरम पाणी आणि भांडी घासण्याचा साबण लागतो. रॉयल आयसिंगचे मात्र वेगळे असते. त्यात अंड्याचा पांढरा बलक असल्याने सुरुवातीलाच कडकडीत पाणी ओतले तर बलक शिजून धातूला चिकटतो. म्हणून आधी कोमट पाण्यात साखर विरघळू द्यायची आणि मग साबणाने धुवायचे. शिवाय रॉयल आयसिंगला तेलातुपाचा अंशही चालत नाही, फेटलेला बलक त्याने बसतो. या घरात सासूबाईंची नोझल वेगळ्या डब्यात राहतात ती याच कारणाने, आणि सुनेने क्रीमसाठी त्यांना आजवर हात लावलेला नाही.

[दृश्य : अगदी जवळून. एक नंबरच्या नोझलच्या तोंडात बारीक ब्रशचे केस शिरतात आणि दुसऱ्या बाजूने बाहेर येतात.]

हे या खणातले सर्वांत बारीक, एक नंबरचे गोल नोझल आहे. याच्या तोंडात वाळलेली साखर अडकली की हाताशी असलेली टाचणी घालण्याचा मोह होतो, आणि नेमके तेच करायचे नसते, कारण टाचणीने तोंडाची कड रुंदावते किंवा वाकडी होते. त्यानंतर त्या नोझलमधून निघणारी रेघ सरळ न येता एका बाजूला वळत राहते. म्हणून स्ट्रॉ किंवा बाटलीचे बूच साफ करण्यासाठी जो नायलॉनचा बारीक ब्रश मिळतो, तो वापरावा; तो नेहमी रुंद बाजूने आत घालावा आणि निमुळत्या बाजूने बाहेर काढावा. तारेची घासणी कोणत्याही नोझलला लावू नये, कथलाच्या नोझलला तर मुळीच नाही.

धुऊन झाल्यावर ही सगळी नोझल रुंद तोंड खाली आणि टोक वर अशी कापडावर उभी केली जातात. पाणी आपोआप खाली उतरते, आणि दात्यांना कशाचाही स्पर्श होत नाही. पावसाळ्यात सून यापुढे आणखी एक गोष्ट करते: केक भाजून ओव्हन बंद केल्यावर त्यात जी ऊब उरते, त्या उबेत स्टीलची नोझल ताटलीत घालून थोडा वेळ ठेवते. सासूबाईंची नोझल मात्र तिथे जात नाहीत. कथील 232 अंश सेल्सियसला वितळते, आणि ओव्हन नेमका किती तापलेला आहे याचा अंदाज हाताने येत नाही. त्यांच्यासाठी पंख्याचा वारा पुरेसा असतो. बॅगेवर नोझल बसवण्यासाठी लागणारे प्लास्टिकचे कपलरही पंख्याखालीच वाळतात.

[दृश्य : स्टीलचा मिसळणाचा डबा उघडतो. सात वाट्या; प्रत्येकीत नोझल.]

या घरातली मांडणी आम्हाला विशेष आवडली, आणि ती कोणत्याही दुकानातल्या तयार संचात मिळत नाही. नवा कोरा मिसळणाचा डबा आणून त्याच्या सात वाट्यांमध्ये नोझल कुळांप्रमाणे लावली आहेत. एका वाटीत गोल तोंडाची, दुसरीत उघड्या दात्यांच्या ताऱ्याची, तिसरीत आत वळलेल्या दात्यांच्या ताऱ्याची, चौथीत पाकळीची, पाचवीत पानाची, सहावीत टोपलीच्या विणीची, आणि मधल्या वाटीत गवतासाठी बारीक छिद्रांचे 233 नंबरचे नोझल व अशीच इतर एकेकटी. नंबराच्या क्रमाने एकापुढे एक रांग लावण्यापेक्षा ही पद्धत अधिक उपयोगी आहे, असे आमचे मत आहे. केक सजवताना हात आधी आकार शोधतो आणि नंतर माप. पाकळी हवी असते, आणि ती 102 ची की 104 ची हा पुढचा विचार असतो. कुळाच्या वाटीत हात घातला की निवड चार-पाच नोझलपुरती उरते.

नोझलच्या अंगावर कोरलेले हे नंबर मात्र दुर्लक्ष करण्यासारखे नाहीत. 1929 साली शिकागोत सुरू झालेल्या विल्टन या कंपनीचे नंबर आज जगभरच्या केक करणाऱ्यांच्या तोंडी आहेत. 1 ते 12 म्हणजे गोल तोंडे. 101 ते 104 म्हणजे क्रमाने वाढत जाणाऱ्या पाकळ्या. 352 म्हणजे पान. 1एम म्हणजे कपकेकवर एका वळशात गुलाब काढणारा मोठा उघडा तारा. आपल्याकडच्या स्वस्त संचांवरही हेच नंबर कोरलेले असतात, पण त्यांची तोंडे तंतोतंत तशीच असतील याची खात्री देता येत नाही. यावर या घरात एक उपाय केला आहे.

[दृश्य : काळ्या कार्डशीटवर पांढऱ्या आयसिंगचे नमुने. प्रत्येकाखाली नंबर. बोट एकेका नमुन्यावरून पुढे जाते.]

घरातल्या प्रत्येक नोझलमधून काळ्या कागदावर एक ठिपका, एक रेघ आणि एक किनार काढून घेतली आहे. कंपनीच्या तक्त्यावर दुसऱ्या कोणाच्या नोझलने काढलेले चित्र असते. इथे आपल्या खणातले नोझल आपल्या हाताच्या दाबाने काय काढते, ते दिसते. हा मूळ कागद फार दिवस ठेवता येत नाही. साखर दमट हवेत चिकट होते, आणि मुंग्या तिला शोधून काढतातच. म्हणून आयसिंग वाळताच त्याचा वरून फोटो काढून, छापून, लॅमिनेट करून तो खणाच्या आतल्या बाजूला चिकटवला आहे. नवे नोझल आले की त्याचा नमुना वेगळा काढून शेजारी लावला जातो.

मिसळणाच्या डब्यात एक उणीव आहे, आणि ती सुनेनेच आम्हाला दाखवली. डबा हलवला की वाट्यांमधली नोझल एकमेकांवर आपटतात. जाड गोल तोंडांना त्याने काही होत नाही, पण आत वळलेल्या दात्यांचा तारा आणि पाकळीची बारीक फट यांना धक्का लागतो. म्हणून अशी नाजूक नोझल आता प्लास्टिकच्या कप्प्यांच्या डब्यात हलवली आहेत. मणी, स्क्रू किंवा मासेमारीचे गळ ठेवण्यासाठी मिळतो तोच हा डबा. घेताना कप्प्याची उंची मोजून घ्यावी. लहान नोझल सव्वा ते दीड इंचाचे असते, मोठे दोन इंचांच्या आसपास जाते, आणि झाकण टोकावर टेकले तर डबा घेण्याचा हेतूच फसतो. कप्प्याच्या तळाशी फोमचा पातळ तुकडा आहे. डब्याच्या एका कोपऱ्यात ओल शोषून घेणाऱ्या सिलिका जेलची बंद पुडी आहे. ती फाटलेली नाही ना, हे दर वेळी पाहिले जाते. नंबर नोझलवर मार्करने न लिहिता झाकणावर, त्या त्या कप्प्याच्या वर, चिठ्ठी लावून लिहिला आहे, आणि ही अक्षरे सासूबाईंची आहेत.

कपलरचे दोन भाग, म्हणजे बॅगेच्या आत बसणारा आणि बाहेरून फिरवून घट्ट होणारी कडी, वाळेपर्यंत सुटे ठेवून मग एकमेकांत अडकवले जातात. कडी हरवली की दुसरा भाग निरुपयोगी होतो. 1एमसारखी मोठी नोझल नेहमीच्या कपलरवर बसत नाहीत, म्हणून त्यांच्यासाठीचे मोठे कपलर त्यांच्याच कप्प्यात आहेत. एका दाबात पूर्ण फूल काढणारी रशियन नोझल उंच कपात वेगळी उभी आहेत.

[दृश्य : खण पूर्ण उघडलेला, वरून. मग दात वाकलेले एक तारा नोझल, आणि त्याच्या शेजारी त्यातून काढलेली किनार.]

हे सगळे न केल्यास काय होते, ते या किनारीत दिसते. गंजाचा कण पांढऱ्या क्रीममध्ये उतरला, तर तो केक कोणालाही देता येत नाही.

ओट्याखालचा हा खण पूर्वी चमचे, डाव आणि झाऱ्यांचा होता, आणि नोझल त्यांच्याच गर्दीत एका प्लास्टिकच्या पिशवीत पडलेली असत. घरातून चालणाऱ्या अनेक उद्योगांची हीच स्थिती आहे. शिंपीकाम करणाऱ्या घरात शिलाई यंत्राला कोपरा मिळतो, कारण यंत्र मोठे असते आणि नजरेत भरते. केक करणाऱ्या बाईचे हत्यार मुठीत मावते, म्हणून त्याला जागा लागते हे घरच्यांच्या लक्षात येत नाही. 2020 च्या टाळेबंदीत आपल्या शहरांत घरगुती केक करणाऱ्यांची संख्या बरीच वाढली, आणि त्यांतल्या अनेकींनी ओव्हनसाठी, केक फिरवत सजवण्याच्या टर्नटेबलसाठी, फ्रीजमधल्या एका फळीसाठी घरात वाटाघाटी केल्या. एक स्वतंत्र खण हीसुद्धा रास्त मागणी आहे, आणि ती संकोच न करता करायला हवी. इथे ती सासूबाईंनी सुनेच्या वतीने केली, आणि डाव-झारे शेजारच्या बरणीत गेले.

[दृश्य : ऑर्डरची चिठ्ठी. तिच्यावर पेनने लिहिलेले आकडे : 4, 104, 352, 1एम.]

खण टिकतो तो रोजच्या एका छोट्या नोंदीमुळे. ऑर्डर घेताना केकचे वजन, चव आणि नाव यांच्याखाली कोणती नोझल लागतील, त्यांचे नंबर लिहिले जातात. काम सुरू करताना तेवढीच नोझल एका ताटलीत काढली जातात आणि खण बंद होतो, त्यामुळे क्रीमचे हात बाकीच्या डब्यांना लागत नाहीत. रात्री सगळी वाळली, की चिठ्ठीवरचा एकेक नंबर वाचून ती परत जागेवर ठेवली जातात. एखादा नंबर कमी पडला, तर तो बहुतेक वेळा वापरून फेकायच्या पायपिंग बॅगेबरोबर कचऱ्यात गेलेला असतो, आणि त्याच रात्री शोधला तर सापडतो. त्यानंतर चिठ्ठी तारखेप्रमाणे फाइलला लागते. पुढच्या वर्षी त्याच घरून "मागच्यासारखीच बॉर्डर हवी" असा फोन आला, तर कोणत्या कप्प्यातले नोझल काढायचे, हे त्या चिठ्ठीवरून कळते.