कोयना खोल, धोम रुंद

कोयनेत पाणी किती, हे सातारकर टीएमसीत (अब्ज घनफुटांत) सांगतो. कासच्या तलावाचं मात्र फुटांत. खोली विचारली की दोन्हीकडं उत्तर अडखळतं, कारण कुठल्याच जलाशयाला एकच एक खोली नसते.

कोयनेचा जलाशय, शिवसागर बघा. कोयनेची भिंत १०३ मीटर उंच. ही उंची पायापासून मोजलेली, त्यामुळं पाणी तेवढं खोल नाही; तरी सगळ्यात खोल पाणी भिंतीलगतच. तिथून तापोळ्याकडं जाताना तळ चढत जातो. पावसाळ्यानंतर तापोळ्यात जिथून लाँच जाते, तिथंच मे महिन्यात भेगाळलेला गाळ उघडा पडतो. त्या गाळाखाली इथल्या माणसांची शेतं आहेत. धरणाचे आकडे सांगताना ती आधी आठवावीत.

तळाजवळचं पाणी असून हाती लागत नाही, हा खोल धरणाचा पेच. पातळी घटली तरी कोयना वीजप्रकल्पाच्या चौथ्या टप्प्याला पाणी मिळावं म्हणून १३ मार्च १९९९ रोजी लेक टॅपिंग झालं. जलाशय रिकामा न करता, बोगद्याच्या तोंडाशी राखलेला खडक पाण्याखालीच सुरुंगानं उडवला. २०१२ मध्ये तसंच पुन्हा केलं.

आता तारळी आणि धोम. पाटण तालुक्यातल्या तारळीची भिंत ७० मीटरहून उंच, साठा ५.८५ टीएमसी. वाईजवळचं धोम ५० मीटरच, पण साठा १३.५ टीएमसी! तारळीचं खोरं चिंचोळं. धोमला कृष्णेनं ऐसपैस जागा दिली, म्हणून भिंतही जवळपास अडीच किलोमीटर लांब घालावी लागली.

पूर्वेला माणदेशात उतरलं की हिशोबच बदलतो. राजेवाडीसारखे इंग्रजी अमदानीतले तलाव पसरट. ऊन पाणी उडवतं ते पृष्ठभागावरून, म्हणून पातळ पसरलेलं पाणी लवकर आटतं. त्यात गाळ. कोयनेत फूटभर गाळानं लगेच काही अडत नाही. माणमधल्या पाझर तलावात तोच फूट म्हणजे उन्हाळ्यातलं जनावरांचं पाणी.

'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना २०१७ पासून आहे. पोकलेन आधी या उथळ तलावांत उतरावेत, आणि तेही वळवाच्या आधी. एकदा चिखल झाला की ट्रॅक्टर तळात जात नाही, वर्ष वाया जातं.