काळ्या मातीचा रंग स्क्रीनवर शोधताना

नमस्कार मंडळी. रेडिओवर चित्राबद्दल बोलायचं म्हणजे दाखवता तर काहीच येत नाही, म्हणून मी येताना रुमालात एक ढेकूळ बांधून आणलंय, आमच्या रानातलं, औसा तालुक्यातलं काळंभोर ढेकूळ. माईकजवळ धरून फोडते हं, नीट ऐका. आला आवाज? भुईमुगाची वाळलेली शेंग फुटावी तसा कडक. माझं सगळं काम ह्या आवाजापासून सुरू होतं बघा.

मी चित्रं काढते, रंग शक्यतो विकत आणत नाही, माती, फुलं, साली, काजळी ह्यातूनच बनवते, आणि मागच्या चार-पाच वर्षांपासून स्कॅनर आणि टॅबलेट पण वापरायला लागलेय. लोक विचारतात की ताई एकीकडं माती आणि एकीकडं कॉम्प्युटर, नक्की धरलंय काय तुम्ही? म्हणून म्हटलं आज निवांत सांगावं.

आधी माती. आमच्याकडं गावाचे दोन भाग मानतात, शेत म्हणजे काळी आणि घरं वसलेली जागा म्हणजे पांढरी. ही पांढरी माती माळवदावर टाकायची, भिंती पोतारायची, आणि काळी पिकाची. ढेकूळ खलबत्त्यात कुटायचं, पाण्यात कालवायचं, जाड खडे खाली बसले की वरचं गढूळ पाणी दुसऱ्या पातेल्यात ओतायचं, परत थांबायचं, परत ओतायचं, असं तीन-चार वेळा केलं की शेवटी तळाला लोण्यासारखा गाळ राहतो, तो सावलीत वाळवायचा. मग बाभळीचा डिंक रात्रभर भिजत घालायचा, त्यात दोन लवंगा टाकायच्या म्हणजे बुरशी लवकर धरत नाही, आणि गाळ त्यात घोटायचा. झाला रंग. लाल पाहिजे असंल तर मी बिदरकडं जाते, तिकडं जांभा दगड आहे, त्याची माती विटकरीसारखी लाल. डाळिंबाच्या सालीला तुरटी लावली तर पिवळा येतो, आणि हिरड्याच्या पाण्यात गंजलेले खिळे टाकून ठेवले की काळी शाई होते.

आता काळी मातीच अशी आहे की ती ऐकत नाही. आपल्या ह्या बेसॉल्टच्या दगडाचा लाव्हा साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिला, त्याची झीज होऊन ही माती झाली, पाणी पिऊन ती फुगते आणि वाळली की आकसते, म्हणून तर उन्हाळ्यात रानाला पाय जाईल एवढ्या भेगा पडतात. माझं पहिलं मोठं चित्र मी तिचा जाड थर देऊन केलं होतं आणि आठ दिवसांत सगळं पापुद्रे सुटून खाली पडलं. लई रडले होते मी तेव्हा.

मग अजिंठ्याबद्दल वाचलं. तिथं दगडावर थेट रंग नाही दिलेला, आधी मातीचा गिलावा आहे, त्यात शेण, भाताचं तूस, झाडाचे तंतू मिसळलेत, त्यावर चुन्याचा पातळ हात आणि मग चित्र. वेरूळच्या गिलाव्यात तर भांगेच्या झाडाचे तंतू सापडले, २०१६ साली ते संशोधन छापून आलं, कीड लागू नये म्हणून त्याचा उपयोग झाला असं त्यात म्हटलंय. हे वाचता वाचता मी एकदम थांबले, कारण माती, शेण आणि गव्हाचा भुसा एकत्र तुडवून माझी आजी दर दिवाळीच्या आधी भिंतीला हेच तर लावत होती! मी तिच्या शेजारी बसून चिखल तुडवलाय आणि मला ते पुस्तकात वाचून कळावं.

अजिंठ्याची अजून एक गोष्ट माझ्या मनात बसलीय. तिथला पिवळा, तांबडा, हिरवा हे माती-दगडातनं आलेले रंग, पण निळा? तो लाजवर्द नावाच्या निळ्या दगडाचा, अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या डोंगरातनं आलेला. म्हणजे त्या चित्रकारांना जे इथं मिळत नव्हतं ते त्यांनी एवढ्या लांबून येऊ दिलं, ह्यात त्यांना काही कमीपणा वाटला नाही. मग मी स्कॅनर घेतला तर कुठं बिघडलं?

घेतला तो पण वैतागूनच. मोबाईलवर काळ्या मातीचा फोटो काढला की ती राखाडी दिसायची, कारण अंधारं काही दिसलं की कॅमेरा आपोआप उजेड वाढवतो. मग म्हटलं टॅबलेटवरच तो रंग निवडावा. स्क्रीनवर १ कोटी ६७ लाख रंग असतात म्हणे, मी दोन रात्री बसून शोधला, नाही सापडला. स्क्रीनवरचा काळा म्हणजे तिथं उजेड नाही एवढंच, आणि रानातल्या काळ्यात तपकिरी असतो, पाऊस पडला की निळसर झाक येते, नांगरलं की एक बाजू चमकते, दुसरी नाही. तो एक रंग नाहीच.

पण स्कॅनरनं मला वेगळंच काहीतरी दिलं. ए-फोर कागद १२०० डीपीआयवर, म्हणजे एका इंचात १२०० ठिपके असा, स्कॅन केला की जवळपास १४ कोटी ठिपके होतात, आणि तेवढं मोठं करून बघितलं की मातीतल्या भेगा नद्यांच्या नकाशासारख्या दिसतात, एका भेगेतनं दुसरी फुटलेली. त्या रेषा मी हातानं कधीच काढू शकले नसते. आता मी आधी मातीचा थर मुद्दाम तडकू देते, स्कॅन करते, त्या भेगांवर टॅबलेटवर झाडं काढते.

पळसाचंही तसंच. शिमग्याच्या सुमारास फुलं आणून भिजवते, काय सुंदर केशरी येतो, पण उन्हात टिकत नाही. आधी वाईट वाटायचं. आता एकच चित्र खिडकीला लावते आणि दर अमावस्येला स्कॅन करते, वर्षभराचे ते स्कॅन एकामागं एक लावले की केशरी हळूहळू कागदात विरघळत जातो. मला स्वतःला माझ्या सगळ्या कामात हे सगळ्यात जास्त आवडतं. एका प्रदर्शनात एकजण म्हणाले हे चित्र नाही, हा व्हिडिओ आहे. मी म्हटलं रंग तर पळसाचाच आहे ना, आणि तो उडाला ते पण खरंच आहे.

आणि कॉम्प्युटरवर ठेवलं म्हणजे कायमचं राहिलं असं मात्र समजू नका. माझी एक हार्डडिस्क गेली, दोन वर्षांचं काम गेलं. रॉबर्ट गिल नावाचा माणूस १८४४ पासून अजिंठ्याला राहून चित्रांच्या नकला करत होता, त्यातल्या बहुतेक लंडनला १८६६ च्या आगीत जळाल्या. नंतर मुंबईच्या कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी परत नकला केल्या, त्यातल्याही कितीतरी १८८५ साली तिकडंच जळाल्या. म्हणून मी फाईल तीन ठिकाणी ठेवते आणि प्रत्येक चित्राबरोबर त्या मातीची पुडी, वर शेताचं नाव लिहून.

आता जे सांगायचं ते सांगते. माझं आजोळ किल्लारीजवळ, तेरणेच्या काठाला. १९९३ ला अनंत चतुर्दशीची रात्र, गणपती बुडवून लोक झोपले होते, ३० सप्टेंबरच्या पहाटे भूकंप झाला. मी नऊ वर्षांची. जाड दगड-मातीच्या भिंती होत्या, आजीचं घर पूर्ण बसलं, आजी ओसरीच्या बाहेर झोपली होती म्हणून वाचली. नंतर नव्या गावात सिमेंटची घरं मिळाली, तिला पोतारायला भिंतच राहिली नाही. आणि आईनं घरात माती आणायची नाही असं जे धरलं ते धरलंच, ह्या मातीनंच माणसं गाडली म्हणायची. मी रंगासाठी माती आणायला लागले तेव्हा ती माझ्याशी चार दिवस बोलली नव्हती.

त्या पडलेल्या घराच्या गिलाव्याचा एक पोपडा मी लहानपणी उचलून डब्यात ठेवला होता, तळहाताएवढा. गेल्या वर्षी तो स्कॅन केला. नुसत्या डोळ्याला सपाट दिसायचा, पण मोठा केल्यावर त्यावर बोटांचे फराटे दिसले, अर्धगोल, एकाला लागून एक, सारवताना हात फिरतो ना तसे, आणि मध्ये एक भुश्याची काडी. आईला दाखवावं का नाही, खूप विचार केला. मग बोलवलं. ती चष्मा लावून बराच वेळ स्क्रीनकडं बघत उभी राहिली आणि म्हणाली, "हे उलटं फिरलंय. आई डाव्या हातानं सारवायची."

मला हे माहीतच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं तिची ट्रंक उघडली आणि तळातनं जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेला अजून एक पोपडा काढून माझ्या टेबलावर ठेवला, माझ्याकडच्या पोपड्यापेक्षा मोठा. काही बोलली नाही, चहा ठेवायला गेली. सध्या तो स्कॅन करतेय, कडेची माती सुटतेय म्हणून अगदी सावकाश. येते मंडळी, नमस्कार.